पावसाचा आलेख आणि नोटबुकचा पहिला सेल

(दृश्य: सांताक्रूझ, भर पावसातली दुपार. लॅपटॉपवर ज्युपिटर नोटबुक उघडलेलं: पायथन कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत लिहून चालवायचं पान.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरातला हा फरक आलेखात जितका झटकन दिसतो, तितका तक्त्यात दिसत नाही.

(दृश्य: दोन खांबांचा आलेख, प्रोजेक्टरवर.)

हा आलेख काढते मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधली आलेखांची लायब्ररी (तयार कोडचा संच). अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत अभ्यासताना जॉन हंटर यांनी ही लायब्ररी लिहायला घेतली. आपण काही सांगितलं नाही, तर तिच्या आलेखाचा आकार ६.४ बाय ४.८ इंच आणि अक्षरं १० पॉइंटची असतात. लॅपटॉपवर चालून जातं, पण वर्गातल्या शेवटच्या बाकावरून आकडे वाचता येत नाहीत.

मग प्रत्येक आलेखाच्या कोडमध्ये आकार, फॉन्ट, रंग पुन्हापुन्हा लिहिले जातात. त्याची गरज नाही. मॅटप्लॉटलिबच्या ‘आरसीपॅराम्स’ नावाच्या डिक्शनरीत, म्हणजे सेटिंगचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या यादीत, हे सगळं एकदाच सांगता येतं. त्यानंतर काढलेला प्रत्येक आलेख ते पाळतो. आधी काढलेले मात्र पुन्हा चालवावे लागतात. कर्नल, म्हणजे नोटबुकमागे कोड चालवणारा प्रोग्राम, रीस्टार्ट केला की सेटिंग पुसली जातात, म्हणून त्यांची जागा पहिल्या सेलमध्ये, लायब्ररी बोलावणाऱ्या इम्पोर्टच्या ओळींच्या लगेच खाली. एखाद्याच आलेखाला वेगळं रूप हवं असेल, तर ‘आरसी-कॉन्टेक्स्ट’ तेवढ्यापुरतं पुरतं.

कायमची सोयही आहे: ‘मॅटप्लॉटलिबआरसी’ ही फाइल. पण चारजणांत फिरणाऱ्या नोटबुकसाठी ती वापरू नये, असं आमचं ठाम मत आहे. ती फाइल आपल्याच संगणकावर राहते, आणि दुसऱ्याकडे तोच कोड वेगळा आलेख दाखवतो. मुंबईत दर पावसाळ्यात पाणी कुठे आणि का तुंबलं यावर वाद होतात. तिथे पुढे ठेवलेला आलेख कुणीही उघडला तरी तसाच दिसायला हवा.

(दृश्य: आलेखाखाली रिकामे चौकोन.)

आता मराठी नावं. मूळचा डेजाव्हू सॅन्स फॉन्ट देवनागरी जाणत नाही, म्हणून हे चौकोन. फॉन्ट बदलून मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ दिला की ‘कुलाबा’ उमटतं. पण मॅटप्लॉटलिबच्या प्रचलित अनेक आवृत्त्यांत ‘सांताक्रूझ’मधला ‘क्रू’ सुटा पडतो, आणि ‘मिलिमीटर’मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. फॉन्टमध्ये आकार असतात, ते जुळवण्याचं काम वेगळंच असतं. ‘एमपीएलकैरो’ हा बॅकएंड, म्हणजे मॅटप्लॉटलिबचं प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग, अक्षरं जुळवणाऱ्या राक्म लायब्ररीच्या मदतीने ते करतो. छापायला द्यायचा आलेख त्यातूनच काढावा.