आधी फोन आपण करायचा

(दृश्य : रिकामं वसतिगृह. कुलूपबंद खोल्यांची रांग, जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली.)

मार्च 2020. कोरोनाची साथ. खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला आणि मुलं हाताला लागेल ते घेऊन गावाकडे निघाली. पुस्तकं, गाद्या, मेसची अनामत सगळं मागे राहिलं.

5 एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना पत्र पाठवलं : विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन सुरू करा, वॉर्डन आणि ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचे मदतगट उभे करा. 21 जुलैला केंद्र सरकारचा ‘मनोदर्पण’ उपक्रम आला, त्याचा 8448440632 हा क्रमांक आला. क्रमांक हवेतच. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो आपणहून अनोळखी माणसाला फोन लावून ‘मला बरं वाटत नाही’ म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. फोन विद्यापीठानं करायचा. तो कसा करायचा, हे पुढे दिसेल. यातले संवाद सरावाचे आहेत. कुणाही विद्यार्थ्याचा खरा फोन आम्ही चित्रित केलेला नाही.

(दृश्य : फोन करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची खोली. पाठीला पाठ लावून मांडलेल्या खुर्च्यांच्या जोड्या.)

खुर्च्या अशा मांडल्यात, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. ऐकणाऱ्याला सल्ला द्यायची मुभा नाही. पहिल्या मिनिटातच बहुतेकांच्या तोंडून ‘अगं, एवढं काय मनावर घेतेस’ निघतं. इथे थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘धीर धर’, ‘सकारात्मक राहा’, ‘इतरांचे बघ किती हाल आहेत’ ही वाक्यं फळ्यावर लिहून त्यांवर काट मारलेली दिसतेय. घरात मृत्यू झालेल्या मुलाला यातलं एकही वाक्य ऐकवायचं नाही. दुसऱ्या लाटेत कित्येकांना आई-वडिलांचं शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं.

(दृश्य : टेबलावर यादी, पेन्सिलीच्या खुणा.)

आता यादी, कोरोनाकाळातली. सगळ्यांना एकदम फोन करायला माणसं पुरत नाहीत, म्हणून क्रम लावायचा. आधी वसतिगृहात अडकून पडलेले. मग घरात आजारपण किंवा मृत्यू झालेले. मग ऑनलाइन तासाला यायचे आणि अचानक यायचे बंद झाले ते. ही नावं हजेरीवरूनच कळतात, वेगळं सर्वेक्षण लागत नाही. त्यानंतर पहिल्या वर्षाची मुलं, ज्यांनी वर्गमित्राला प्रत्यक्ष पाहिलेलंच नाही.

पहिली अडचण नंबरची. प्रवेश अर्जावर बऱ्याचदा वडिलांचा, नाहीतर अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा नंबर असतो. वर्गशिक्षकाकडून खरा नंबर घ्या आणि आदल्या दिवशी त्याच्याकरवी मेसेज जाऊ द्या, नाहीतर अनोळखी नंबर उचलला जात नाही. फोन जातो तो विद्यापीठाच्या या मदत सेलच्या वेगळ्या सिमवरून, स्वयंसेवकाच्या खाजगी नंबरावरून कधीच नाही.

दुसरी अडचण पहिल्या वाक्याची. ‘विद्यापीठातून बोलतोय’ म्हटलं की अख्खं घर घाबरतं. म्हणून लगेच पुढे : ‘फीचं किंवा परीक्षेचं काही नाही, विचारपूस करायला फोन केलाय.’

(दृश्य : एका खोलीचं घर. स्वयंपाक, टीव्ही, कोपऱ्यात मोबाइल धरून बसलेली मुलगी.)

हे दृश्य नीट पाहा. आई हाताच्या अंतरावर आहे, भावाचे कान इकडेच आहेत. अशा ठिकाणी ‘कशी आहेस?’ला ‘बरी आहे’ याशिवाय उत्तर येत नाही. म्हणून प्रश्न असा : ‘आत्ता मोकळं बोलता येईल का? हो किंवा नाही एवढंच सांग.’ नाही म्हणाली तर वेळ विचारा. मुलींना सकाळी घरकामातून सवड नसते. दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं उरकल्यावर फोन करा. टेकडीवर, गच्चीवर रेंज शोधत आलेल्या मुलाचा आवाज तुटला तर पुन्हा फोन कोण करणार, हे आधीच ठरवून सांगा : ‘मीच लावीन.’ अर्धवट तुटलेला फोन परत आला नाही, तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

गुप्ततेचा शब्द देताना त्याची मर्यादाही तिथेच सांगायची : ‘तू सांगशील ते इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला वरिष्ठांशी बोलावं लागेल.’ आणि शंका आली तर सरळ विचारायचं : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ आलं तर फोन ठेवायचा नाही. शेजारच्या सहकाऱ्याला खूण करायची, त्यानं समुपदेशकाला बोलवायचं. घरात आत्ता कोण आहे ते विचारायचं, त्या माणसाला जवळ बसवायचं, औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवायला सांगायचं.

(दृश्य : समुपदेशकाच्या हातातली प्रश्नावली.)

ही पीएचक्यू-9, नैराश्य तपासायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त झाली तर सविस्तर तपासणी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. हिचा गुगल फॉर्म करून सरसकट पाठवणं धोक्याचं. शुक्रवारी रात्री कुणी नवव्या प्रश्नावर खूण केली आणि आपण फॉर्म सोमवारी उघडला, तर मधले दोन दिवस ते मूल एकटं आहे.

(दृश्य : सेलच्या खोलीत परीक्षा विभाग आणि शिष्यवृत्तीच्या पाट्या.)

ही दोन टेबलं याच खोलीत हवीत. 2020 मध्ये राज्य सरकार अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत म्हणत होतं, 6 जुलैला आयोगानं सप्टेंबरअखेर घ्या म्हणून सांगितलं, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला 28 ऑगस्टला. तोवर ‘अभ्यास करू की नको’ याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. खात्रीची माहिती देणारा माणूस लागतो.

अशा फोनांतून काहीजण समुपदेशकापर्यंत पोचतात, काहीजण राहिलेला परीक्षा अर्ज भरतात.

(दृश्य : कामाची पाळी संपल्यावर गोल करून बसलेले स्वयंसेवक.)

पाळी संपल्यावर समुपदेशकाबरोबर अर्धा तास बसल्याशिवाय कुणी घरी जात नाही. नोंदवहीत नाव नाही, फक्त संकेत क्रमांक. वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही.

आता 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापून घ्या, आणि गैरहजर मुलांची यादी दर सोमवारी सेलकडे जाऊ द्या.