काजळी पुसायच्या आधी

ही पुंगळी नीट बघा, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. 6.5 क्रीडमोर नावाच्या रायफलच्या काडतुसाची, आठ वेळा झाडून झालेली. मान, म्हणजे बुलेट बसते तो पुढचा बारीक भाग, काळी आहे, ते ठीक, सगळ्यांचीच होते, पण हा काळेपणा मानेवर थांबलेला नाही, खांद्याचा उतार ओलांडून खाली अंगावर आलाय, आणि एका बाजूला जास्त. दादा अंगठ्याने पुसून बघतोय, अंगठा काळा झाला, डाग तिथेच.

हे फिनिक्स, ॲरिझोना. सकाळचे सहा वाजलेत, गॅरेजचं दार उघडं टाकलंय कारण दहानंतर इथे बसवत नाही. दादा मूळचा सांगलीचा, आठवडाभर कॉम्प्युटरवर काम, आणि महिन्यातून एकदोनदा शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर एफ-क्लास खेळायला जातो. पालथं झोपून, रायफल पुढे टेकवून, 1000 यार्डांवर नेम, म्हणजे 914 मीटर. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साधारण 10 इंचांचं, आणि त्याच्या आतलं एक्सचं 5 इंचांचं, आपल्या जेवणाच्या ताटात मावेल एवढं. त्यामुळे ही मंडळी झाडलेली पुंगळी टाकत नाहीत, घरी आणतात, नवा प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी बुडाची छोटी टोपी, मोजून पावडर, नवी बुलेट, आणि परत तीच पुंगळी. इथे स्वतःपुरतं भरायला लायसन लागत नाही, आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली लागतं.

माझं लहानपण खडकीत गेलं, तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 सालची, रोज तिच्या भिंतीकडेने शाळेत जायचो, पण काडतूस नेमकं काय असतं ते मी पहिल्यांदा या टेबलावर बघितलं.

आता भिंगातून. पुंगळी पितळेची, 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. पावडर पेटली की आत दाब वाढतो, या काडतुसाला कमाल मर्यादा 62,000 पीएसआयची, म्हणजे चौरस इंचाला तितक्या पौंडांची आहे, आणि तो दाब चढताना मानेचं पातळ पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं. एकदा चिकटलं की गॅसला मागे यायला वाट नाही. पण चिकटायच्या आधीचा जो क्षण असतो, त्यात थोडा गॅस मानेच्या बाहेरून मागे सरकतो, आणि तो जिथवर पोचला तिथवर काजळी. म्हणजे ही काळी रेघ साधा मळ नाही, मान केव्हा बंद झाली याची ती खूण आहे. मानेवरच थांबली तर वेळेवर बंद झाली. खांद्याखाली उतरली तर उशीर झाला. मला या सगळ्या शूटिंगमध्ये सर्वात जास्त आवडलेली गोष्ट ही, आणि बहुतेक लोक घरी आल्या आल्या पहिलं काम काय करतात, तर ती पुसून टाकतात.

दादाही तेच करायचा. हा ड्रम बघा, फिरतोय, आत पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक पिना. दोन तासांनी बाहेर काढलं की असं, सोन्यासारखं. आई चिंचेने पितळेची भांडी घासायची तेव्हा अशीच निघायची. ॲसिड जास्त झालं किंवा जास्त वेळ ठेवलं की पितळ गुलाबी पडतं, कारण वरवरचं जस्त निघून जातं आणि तांबं उरतं, ही बाजूची पुंगळी तशी आहे.

पण चकाकी बाहेर आली तशी आतही आली, आणि खरी पंचाईत आतली आहे. हे प्रेसवरचं गेज, बुलेट मानेत बसवताना किती जोर लागतो ते दाखवतं. चकचकीत पुंगळी, काटा बघा, झटका, थांबला, परत झटका. आता ही दुसरी, आत पातळ काजळी ठेवलेली, फक्त नायलॉनच्या ब्रशने दोनदा फिरवलेली. काटा सरळ चढला आणि सरळ थांबला. काजळी म्हणजे कार्बनच, कोरड्या वंगणासारखी काम करते. ती सगळी काढली की आतलं पितळ उघडं पडतं आणि बुलेटचं तांबं त्याला अडकत अडकत जातं. प्रत्येक मानेची पकड वेगळी, मग वेग वेगळा, आणि 1000 यार्डांवर वेगातला फरक टार्गेटवर वरखाली दिसतो. ज्यांना घासूनच हवं असतं ते नंतर मान ग्राफाइटच्या भुकटीत बुडवतात, म्हणजे काढलेलंच परत लावतात.

बाहेरची काजळी मात्र काढायचीच, डायमध्ये, म्हणजे पुंगळी दाबून परत मापात आणणाऱ्या साच्यात, जाऊन ओरखडे पाडते. ड्रिलला पुंगळी लावून 0000 नंबरची स्टील वूल मानेवर दोन सेकंद धरायची, बस. हातमोजे घालून, कारण प्रायमरच्या राखेत शिसं असतं.

तर मूळ प्रश्न, काजळी खांद्याखाली का उतरली. दादाने वही उघडलीय. पावडर कमी पडली आणि दाब नीट चढला नाही तरी असं होतं, पण भरणा तोच आहे, पहिल्या तीन वेळांना रेघ मानेवरच होती. चेंबरची मान फार सैल असली तरी होतं, पण रायफल तीच आहे. बदललंय ते पितळ. दर वेळी फुगायचं, डायमध्ये दाबून परत बारीक व्हायचं, आठदा असं झालं की पितळ कडक होतं, तार पुन्हा पुन्हा वाकवली की होते तसं. कडक मान उशिरा फुगते, तेवढ्यात गॅस निसटतो.

उपाय जुना आहे आणि त्याची गोष्ट आपल्या पावसाळ्यातली आहे. ब्रिटिशांच्या फौजेची काडतुसं इथे हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांजवळ साठवलेली असायची, आणि न झाडताच पुंगळ्यांना भेगा पडायच्या. हंगामात पडणाऱ्या भेगा म्हणून नावही तसंच पडलं, सीझन क्रॅकिंग. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, वर दमट हवा, आणि पितळ दाबून आकार देताना आत राहिलेला ताण, हे तीन एकत्र आले की पितळ तडकतं, 1921 साली याचा नीट उलगडा प्रसिद्ध झाला. उतारा म्हणजे मान तापवून ताण काढून टाकायचा, त्यानेच कडक झालेली मानही परत मऊ पडते. लष्करी काडतुसाच्या मानेवर आजही ती निळसर तपकिरी झाक दिसते, तो डाग नाही, तापवल्याची खूण आहे. आणि म्हणूनच अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला अजिबात लावायचं नाही.

दिवा बंद केलाय. निळी ज्योत, पुंगळी फिरतेय. मानेला टेम्पिलॅक नावाचा तापमान दाखवणारा रंग लावलाय, 750 डिग्री फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 400 सेल्सिअसला वितळणारा. वितळला, की लगेच बाहेर. बूड तापून मऊ पडलं तर पुढच्या वेळी पुंगळी फाटू शकते, इथे चूक चालत नाही.

हा बोअरस्कोप, नळीत घालून आतलं बघायचा कॅमेरा, बॅरलच्या आत. जिथे पुंगळीचं तोंड संपतं तिथे हे काळं कडं. या पुंगळीची कमाल लांबी 1.920 इंच, फार आखूड कापली तर पुढच्या मोकळ्या जागेत कार्बन भाजून दगडासारखा बसतो, आणि तो बुलेटला चिमटला तर दाब धोक्याचा होतो. दादाने घासून काढलं.

पन्नासातल्या पंचवीस तापवल्या, पंचवीस तशाच ठेवल्या. भरणा एक, दिवस एक. रेंजवर कॅमेरा नेता आला नाही.

हे टेबल, त्याच संध्याकाळी. डावीकडची, न तापवलेली रांग खांद्यापर्यंत काळी. उजवीकडच्या, तापवलेल्या रांगेत रेघ मानेच्या मध्यावर थांबलीय, बहुतेक सगळ्यांची, दोन सोडून. दादाने त्या दोन बाजूला काढल्यात, भिंग ओढून घेतलंय, आणि अजून एकही पुसलेली नाही.