कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतरचा दुसरा फटका

नमस्कार मंडळी. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे कोळसा, गॅस वगैरे अर्धवट जळताना तयार होणारा विषारी वायू. त्याच्या विषबाधेतून माणूस वाचला, की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पण पुढचा महिना-दीड महिना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. का, ते सांगतो.

ऑक्सिजन लावल्यावर शुद्ध येते, रिपोर्ट नॉर्मल येतात, डिस्चार्ज मिळतो. माणूस कामालाही लागतो. आणि मग काहींच्या बाबतीत, बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांनी, अचानक घसरण सुरू होते. शर्ट हातात घेऊन बसून राहतो, हात कुठल्या बाहीत घालायचा तेच उमगत नाही. पाय घासत, बारीक बारीक पावलं टाकत चालतो. बोलणं एकेका शब्दावर येतं, मग तेही थांबतं. कपड्यांत लघवी होते आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. घरच्यांना वाटतं मनाला धक्का बसलाय. वय जास्त असलं तर वाटतं म्हातारपणाचा विसरभोळेपणा.

वायू तर रक्तातून केव्हाच गेलेला असतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. पण त्याने मेंदूत पेटवलेला दाह मागे धुमसत राहतो आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजवतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात हे दिसतं.

आणि आशाही इथेच आहे, कारण हे आवरण काही प्रमाणात पुन्हा तयार होऊ शकतं. १९८३ साली कोरियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे तेव्हा घरोघरी कोळशाच्या विटा जाळत. हा उशिराचा त्रास झालेल्या ज्या ३६ रुग्णांवर पुढे लक्ष ठेवलं गेलं, त्यांतले ७५ टक्के वर्षभरात सावरले. वर्षभरात, हे लक्षात घ्या! दुसऱ्या महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे बघून ‘आता हा असाच राहणार’ असं कृपा करून ठरवू नका. सगळेच पूर्ववत होतात असंही नाही. काहींची स्मरणशक्ती कमी राहते, काहींच्या हालचाली मंदच राहतात.

हा त्रास हमखास बरा करणारं औषध नाही. बंद कक्षात जास्त दाबाखाली देतात त्या (हायपरबॅरिक) ऑक्सिजनबद्दलही डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. म्हणून या काळातली शुश्रूषा फार मोलाची. कूस बदलत राहा, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. बसवून, छोटे घास भरवा. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि सावरायला मिळालेला वेळ तिथेच वाया जातो. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू करा.

आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात, तर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘यांना अमुक तारखेला कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली होती.’ जुने कागद सोबत न्या. मधले काही आठवडे माणूस धडधाकट होता, त्यामुळे हा संबंध समोरच्याच्या लक्षात येईलच असं नाही.