रेसिड्युअल प्लॉटमध्ये पट्टे आलेत? आधी हे बघा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी! प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे एकाच छापाचे स्क्रीनशॉट यायला लागतात. गूगल फॉर्मवर घेतलेला सर्व्हे, उत्तरं 1 ते 5, त्यावर साधं लिनिअर रिग्रेशन, म्हणजे सरळ रेषेनं गुणांचा अंदाज बांधणारं मॉडेल, आणि रेसिड्युअल प्लॉटमध्ये उसाच्या सऱ्यांसारखे तिरके पट्टे. रेसिड्युअल म्हणजे खरा गुण वजा मॉडेलचा अंदाज; प्लॉटमध्ये आडवा अंदाज आणि उभा रेसिड्युअल. सोबत प्रश्न, "सर, मॉडेल गंडलंय का?"

नुसत्या पट्ट्यांवरून ते सांगताच येत नाही. का, ते बघू.

समजा, कोल्हापुरातल्या एका मिसळीला लोकांनी 1 ते 5 गुण दिलेत. गिऱ्हाईक गावातलं की बाहेरचं, टेबल मिळायला किती वेळ थांबलं, एवढी माहिती आपल्याकडे आहे. एका गिऱ्हाइकासाठी मॉडेलचा अंदाज आला 3.6. त्यानं 5 दिले, तर रेसिड्युअल 1.4. 4 दिले, तर 0.4. 3 दिले, तर उणे 0.6. मधलं काही येणारच नाही, कारण 4.3 गुण द्यायची सोय फॉर्मवर नव्हती.

[स्क्रीनवर प्लॉट, पट्ट्यांवरून बोट फिरवत]

आता अंदाज 3.6 चा 3.7 करा. हे सगळे रेसिड्युअल बरोबर 0.1 नं खाली सरकले. म्हणजे पाच गुणांच्या पाच समांतर रेषा, प्रत्येकीचा उतार उणे 1. मॉडेल कितीही झकास असू दे, पट्टे येणारच. पुस्तकातल्यासारखा गोल ढग इथं शोधायचाच नाही. रेसिड्युअल नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाशी जुळतात का हे दाखवणारा क्यू-क्यू प्लॉट वेडावाकडा येतो, तोही बराचसा याच कारणानं.

मग या प्लॉटमध्ये बघायचं काय? एक म्हणजे पट्ट्यांमधून जाणारी लोएस रेषा, म्हणजे ठिपक्यांचा सरासरी कल दाखवणारी गुळगुळीत रेषा. ती शून्याच्या आसपास राहते का वाकते, ते बघा. दुसरं, उजवं टोक. अंदाज 4.8 असेल तर वर जायला जागा फक्त 0.2, आणि खाली 3.8. तिथं रेसिड्युअलचा पसारा आवळला जातो आणि एका बाजूला कलतो. काही ठिकाणी तर अंदाज 5.2 येतो! हे मात्र खरं दुखणं आहे, आणि त्यावर लॉग घेऊन भागत नाही.

त्यासाठी ऑर्डिनल मॉडेल, म्हणजे गुणांकडे फक्त चढत्या क्रमाच्या पायऱ्या म्हणून बघणारं मॉडेल. संख्याशास्त्रज्ञ पीटर मॅक्युलानी 1980 च्या पेपरात मांडलेलं प्रपोर्शनल ऑड्स मॉडेल आजही पहिली निवड असते. पण तिथं नवीच पंचाईत. मॉडेल एक आकडा देत नाही, प्रत्येक गुणाची शक्यता देतं. मग वजा कशातून काय करायचं?

डन आणि स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये यावर नामी तोडगा काढला. आपलं गिऱ्हाईक घ्या, त्यानं 4 दिलेत. मॉडेल म्हणतं, 3 किंवा कमी गुण मिळायची शक्यता 0.35, आणि 4 किंवा कमी मिळायची 0.80. या दोन आकड्यांच्या मधला कुठलाही एक आकडा रँडम उचला, समजा 0.61 आला. नॉर्मल वितरणात त्याच्या जागी येतो साधारण 0.28. हाच रेसिड्युअल. मॉडेल बरोबर असेल तर असे सगळे रेसिड्युअल नॉर्मल दिसतात आणि पट्टे गायब होतात. रँडम आहे म्हणून सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा नंबर, बदलून चार-पाच वेळा प्लॉट काढा. एका चित्रात दिसलं आणि दुसऱ्यात नाही, त्याच्या नादाला लागू नका.

[जरा पुढं झुकून]

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. समजा, गावातली गिऱ्हाइकं बहुतेक 3 किंवा 4 देतात. बाहेरून आलेला एक तर कट रस्सा ओरपून 5 देतो, नाही तर डोळ्यांत पाणी आणून 1. दोन्ही गटांची सरासरी सारखीच! लिनिअर मॉडेल म्हणणार, फरक नाही. प्रपोर्शनल ऑड्सलाही हा फरक नीट दिसणार नाही, कारण ते धरून चालतं की गटाचा परिणाम चारही उंबरठ्यांवर, म्हणजे 1 ते 2, 2 ते 3 अशा गुणांमधल्या सीमांवर, एकसारखा आहे.

हे पकडायचं कसं? "2 किंवा जास्त", "3 किंवा जास्त", "4 किंवा जास्त" आणि "5", या चारही टप्प्यांचे लॉगिट, म्हणजे असं होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता, त्याचा लॉग, दोन्ही गटांसाठी काढा आणि रेषांनी जोडा. रेषा साधारण समांतर असतील तर ठीक. इथं "2 किंवा जास्त"ची रेषा बाहेरच्यांकडे जाताना खाली उतरेल, आणि "5"ची वर चढेल. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, टेस्टची गरज नाही. हा परिणाम सगळीकडे एकसारखा आहे का हे तपासणारी ब्रँट टेस्ट मोठ्या सॅम्पलमध्ये तशीही बारीकसारीक फरकावर लाल दिवा लावते, म्हणून मी आधी चित्रच बघतो.

आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डिनल (ordinal) पॅकेजच्या सीएलएम (clm) या फंक्शनमध्ये स्केल (scale) नावाचा पर्याय आहे. तिथं गट टाकला की दोन्ही गटांना वेगवेगळा पसारा मिळतो. मग रेसिड्युअल परत काढा आणि गटवार बॉक्सप्लॉट लावा. बाहेरच्यांचा बॉक्स आधी उंच होता, तो आता गाववाल्यांच्या बॉक्सएवढा झाला असेल, तर हेच मॉडेल रिपोर्टमध्ये घाला. आणि गाईडना आधीचा प्लॉटही दाखवा, ते विचारणारच.