‘किती सेकंद?’ हे मला विचारू नका

माझा विषय आहे, अतिनील प्रकाशात घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा बोर्ड, करताना एक्स्पोजरची, म्हणजे प्रकाश दाखवायची, वेळ कशी ठरवायची. तिकडे येतोच. पण आधी झेरॉक्सवाल्याचं सांगू द्या, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही.

आपण तांब्यावर चिकटवतो ती निळी ड्राय फिल्म निगेटिव्ह असते. प्रकाश पडेल तिथे घट्ट होते, उरलेली सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते. म्हणजे वर ठेवायच्या पारदर्शक शीटवर ट्रॅक, तांब्याच्या वाटा, कोरे, बाकी सगळं काळंकुट्ट. आणि टोनरची बाजू फिल्मला टेकायला हवी. मध्ये शीटची जाडी आली की प्रकाश कडेनं आत शिरतो आणि जवळजवळचे ट्रॅक एकमेकांना चिकटतात. म्हणून बोर्डाच्या खालच्या बाजूच्या तांब्याची प्रिंट हातात धरली की अक्षरं उलटी दिसतात. दिसायलाच हवीत! शीट तांब्यावर पालथी घातली की ती सुलटी होतात.

तर मी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात. माणूस भला. स्क्रीनवरचा काळोख बघून म्हणाला, “काका, टोनर फार खाणार, दुप्पट पडतील.” म्हटलं, पडू देत. आणि चहाला गेलो. परत येतो तर शीट पिशवीत तयार. “अक्षरं उलटी येत होती, सुलटी करून दिली. त्याचे पैसे नाही लावले.” मी त्याला थँक्यू म्हणालो! काय ऐकलं, ते डोक्यात शिरलंच नाही. (हसा, हसा.) घरी सगळं यथासांग केलं. नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडचा गंजासारखा डाग मोरीच्या फरशीवर अजून आहे, आणि त्यावरची बोलणीही. भोकं पाडली, 555 ही आठ पायांची आयसी (चिप) बसवायला गेलो, तर सगळं आरशातल्यासारखं, एक नंबरचा पाय आठच्या जागी. शेवटी आठही पाय उलटे वाकवले आणि आयसी मेलेल्या झुरळासारखी पाठीवर निजवली. एलईडी लुकलुकला, हे मात्र नोंदवून ठेवा.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरली? बरं, भराभर.

किती सेकंद, हे मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल. सगळे खरंच बोलतात, आपापल्या दिव्यापुरतं. दिवा नेलपॉलिशवाल्यांचा की ट्यूब, किती उंचीवर, वर काच कसली, फिल्म किती जुनी. उन्हाचं तर बोलूच नका, मे वेगळा, श्रावण वेगळा. म्हणून चाचणीची पट्टी करा. बोर्डाच्या तुकड्यावर फिल्म, त्यावर बारीक रेघांची शीट, वर पुठ्ठा. दर पंधरा सेकंदांनी पुठ्ठा बोटभर मागे घ्या, प्रत्येक बोटभर भाग म्हणजे एक घर. मग फिल्मवरचं वरचं प्लास्टिक सोला (हे सगळे विसरतात, मीही) आणि लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा! कमी प्रकाश मिळालेल्या घरात रेघाच वाहून जातात, जास्त मिळालेल्यात रेघांमधली फट उघडत नाही. मधलं घर तुमचं. दिवा बदलला, फिल्मची नवी गुंडाळी आणली, की नवी पट्टी.

वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका, त्यात तांबं विरघळलेलं असतं. यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

माझी पट्टी पुढे देतो. पाचव्या घरावरून नख फिरवून बघा. झुरळही देतोय, पण पाय मोडू नका.