सूर्याचं वादळ आणि पुण्यातला आलेख

(दृश्य: विद्यापीठाचं आवार, आयुका)

पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. 28 सप्टेंबर 2015 रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट हा खगोल-उपग्रह अवकाशात गेला. त्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाची माहिती इथे तपासली जाते.

(दृश्य: संगणकाचा पडदा)

उपकरणाच्या नोंदींच्या आलेखातली ही रेघ बघा, मध्येच एकदम उसळलीय. दूर कुठे तारा कोसळून गॅमा किरणांचा स्फोट झाला, की एखादा भारित कण डिटेक्टरवर येऊन आदळला? डिटेक्टरला कळते ती फक्त ऊर्जा. ती कुणाची, हे माणसांनी शोधायचं.

उपकरणाचे भाग चार, पिक्सेल 16,384. खरा स्फोट चारही भागांत एकाच वेळी उमटायला हवा. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान भारित कण आदळला, तर काही मायक्रोसेकंदांत कितीतरी पिक्सेल एकदम पेटतात. नोंदींचे असे घोस आधी बाजूला काढायचे. कारण नसताना सतत मोजत राहणारे पिक्सेल वगळायचे. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं, म्हणून भारित कणांचा मारा जास्त; तिथून जातानाचा वेळही गाळायचा. तांदूळ निवडावेत तसं हे चिकाटीचं काम. उड्डाणाच्या दिवशी सगळा देश टीव्हीसमोर असतो. या टेबलांकडे कुणाचं लक्ष जात नाही. शोध खरा ठरतो तो मात्र इथेच.

(दृश्य: हानले, लडाख, सौरवादळाने लाल झालेलं आकाश)

10 मे 2024. सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या लोटांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरवलं. 2003 नंतर प्रथमच वादळ सर्वोच्च श्रेणीला पोचलं. ॲस्ट्रोसॅट 650 किलोमीटरवरून, विषुववृत्ताला धरून फिरतो. तिथे चुंबकीय ढाल भक्कम असते. अमेरिकेची चंद्रा आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणी मात्र लाखाहून अधिक किलोमीटर दूर जातात. तिथे कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत थेट कॅमेऱ्यावर एकवटतात, खऱ्या क्ष-किरणांत मिसळतात आणि कॅमेऱ्याला इजाही करू शकतात. म्हणून मोठ्या वादळात चंद्रा दुर्बिणीचं काम थांबवून कॅमेरा आडोशाला नेतात.

जुलै 2000 च्या वादळात वातावरण फुगलं, जपानच्या ॲस्का या क्ष-किरण उपग्रहाचा तोल गेला आणि मार्च 2001 मध्ये तो वातावरणात शिरून नष्ट झाला.

(दृश्य: पुन्हा पडदा, स्फोटांची यादी)

सीझेडटीआयच्या नोंदींतून आतापर्यंत पाचशेहून अधिक गॅमा किरण स्फोट पक्के झाले आहेत. ही यादी सगळ्यांसाठी खुली आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ती जरूर उघडावी. पुढची रेघ तपासायला माणसं लागणारच आहेत.