जानेवारीतल्या नदीचा फोटो

नमस्कार मंडळी. नवतपा चालू आहे, कूलरच्या टाकीत सकाळी भरलेलं पाणी दुपारी दोनलाच तळाला जातंय, अशा वेळी तुम्ही रेडिओ लावून बसलात म्हणजे लाईट आहे घरी, बरं आहे. आज त्या लाईटबद्दलच बोलू.

झालं काय, परवा भाचा नागपूर-दिल्ली विमानाचं तिकीट काढत होता आणि पैसे भरायच्या आधी मोबाईलवर एक चौकोन आला, थोडे पैसे जास्त द्या अन् तुमच्या प्रवासाचा कार्बन ऑफसेट करा, म्हणजे विमानाने जेवढा धूर सोडला तेवढा दुसरीकडे कुठे तरी वाचवा, पैसे हिमालयातल्या ‘रन ऑफ द रिव्हर’ वीज प्रकल्पाला जातील. तो म्हणे, मामा, टिक करू का? म्हटलं, थांब बावा, कशाला देतोय ते तर बघू.

आता आपल्याला पाण्यावरची वीज म्हटली की आठवतं तोतलाडोह. पेंचवर मोठी भिंत, मागे भला मोठा साठा, तिथे 160 मेगावॅटचं वीजघर, आणि तेच पाणी पुढे नवेगाव खैरीहून आपल्या नळाला. रन ऑफ द रिव्हरमध्ये असा साठा नसतो. नदीत एक बुटका बंधारा घालायचा, पाणी बोगद्यात वळवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, डोंगराच्या पोटातून काही किलोमीटर नेऊन मोठ्या पाइपातून खाली टर्बाइनवर सोडायचं अन् मग परत नदीत. पाणी वापरलं पण संपवलं नाही. पहाडातले लोक शेकडो वर्षं ओढ्याच्या पाण्यावर घराट, म्हणजे पाणचक्की चालवतात, दळण दळतात, तीच आयडिया, फक्त फार मोठी झालेली.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला हजार लिटर पाणी शंभर मीटर खाली पडलं की साधारण 800 किलोवॅट मिळतात. 10 मेगावॅटचा प्रकल्प वर्षातला निम्मा वेळ पूर्ण चालला असं धरलं तर 4 कोटी 38 लाख युनिट. आपल्या ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्यात, कोळसाच जास्त, म्हणून एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला 30 हजार टन वाचले, आणि एक टन म्हणजे एक क्रेडिट, ते प्रकल्पवाला विकतो अन् ऑफसेट करणारा विकत घेतो. हवामान बदल रोखायच्या क्योटो या जागतिक करारातून ही पद्धत आली, 2005 च्या ऑक्टोबरात त्यातली जगातली पहिली क्रेडिटं मिळाली ती होंडुरासच्या दोन छोट्या जलविद्युत प्रकल्पांनाच. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीजघरांची धुराडी बघत मोठा झालेला माणूस हे ऐकून म्हणेल, मग वाईट काय त्यात?

वाईट काही नाही, पण एक प्रश्न आहे. क्रेडिटचे पैसे नसते मिळाले तर तो प्रकल्प झालाच नसता का? कारण तो तसाही होणारच होता, कर्ज मंजूर, वीज घ्यायचा करार झालेला, तर तुमच्या पैशाने वातावरणातला एक किलोसुद्धा कमी झाला नाही, तुम्ही नुसतं समाधान विकत घेतलं. ह्याच कारणाने आपल्यासारख्या देशांतले ग्रिडला जोडलेले नवे प्रकल्प व्हेरा नावाच्या, क्रेडिटं नोंदवणाऱ्या मोठ्या संस्थेने 2019 नंतर घेणंच बंद केलं, जुन्यांची क्रेडिटं मात्र बाजारात फिरतायत. 2012 च्या शेवटी क्योटोवाल्या क्रेडिटचा भाव अर्ध्या युरोच्याही खाली गेला होता, आता एवढ्या पैशात कोण धरण बांधतो सांगा.

दुसरी गोष्ट मी डोळ्याने पाहिलेली. मागे हिवाळ्यात हिमाचलला गेलो होतो, रस्त्याच्या खाली नदी, म्हणजे नदीचं पात्र, नुसते पांढरे गोटे अन् मधून पायजम्याच्या नाडीएवढी धार. ड्रायव्हर म्हणाला, साहब, नदी पहाड़ के अंदर है. बंधारा ते वीजघर, एवढा तुकडा कोरडा. कायद्याने काही पाणी सोडावंच लागतं, 2017 ला हरित लवादाने कोरड्या महिन्यांतल्या सरासरीच्या 15 ते 20 टक्के तरी सोडा म्हटलंय, पण त्या नाडीचे किती टक्के होते ते मोजायला मी काही उतरलो नाही. काठावर पिवळा बोर्ड होता, पाणी कधीही सोडलं जाईल, पात्रात उतरू नका. हे बोर्ड फुकटचे नाहीत बरं का. 2014 च्या जूनमध्ये बियासच्या पात्रात फोटो काढत उभी असलेली हैदराबादच्या कॉलेजची 24 पोरं वरच्या लारजीच्या बंधाऱ्यातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेली, आणि लारजी हा रन ऑफ द रिव्हरच. साठा नाही म्हणतात, पण संध्याकाळी विजेची मागणी वाढते तेव्हासाठी थोडं पाणी अडवून ठेवतातच.

आणि डोंगराचं काय सांगावं. 2021 च्या फेब्रुवारीत चमोलीत बर्फ-दगडाचा कडा कोसळला, ऋषिगंगेचा 13.2 मेगावॅटचा प्रकल्प पुसला गेला, तेही रैणीजवळ, जिथे गौरा देवींनी 1974 ला झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं होतं. 2023 ला सिक्कीममध्ये हिमतलाव फुटला अन् तीस्ता-3 चं 1200 मेगावॅटचं धरण गेलं.

तरी मी एकदम विरोधातला नाही. मे महिन्यात आपण इथे भाजत असतो तेव्हाच तिकडे बर्फ वितळून नद्या फुगतात, आणि 2013 च्या शेवटी सगळा देश एकाच ग्रिडवर आला, म्हणजे तिकडच्या पाण्याने इकडचा थोडा कोळसा खरंच वाचतो. छोटा प्रकल्प असेल, गावाला विचारून केला असेल, नदीत पाणी राहत असेल तर माझे पैसे घ्या खुशाल.

तर भाच्याने चौकोन रिकामाच ठेवला, अन् मी त्या कंपनीला मेल टाकला, प्रकल्प कोणता, नदीत किती पाणी सोडता. चार दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळी आभार अन् एक फोटो. नदी दोन्ही काठ भरून वाहतेय, खाली तारीख ऑगस्टची. मी परत लिहिलंय, जानेवारीतला असेल तर पाठवा.